माउंटन बाइक आणि हमीपत्र : 'गैरवापर' या संकल्पनेचा एक इतिहास

प्रस्तावना

माउंटन बाइक विकत घेणाऱ्या ग्राहकाच्या हाती सायकलीबरोबर एक पुस्तिका येते. बहुधा ती न वाचताच कपाटात जाते. तिच्यातील हमीविषयक पृष्ठावर साधारणपणे पुढील आशयाचा मजकूर असतो : फ्रेमला दीर्घ मुदतीची, क्वचित 'आजीवन' हमी, ती केवळ मूळ ग्राहकापुरती, झिजणारे भाग वगळून, आणि अपघात, हयगय, शर्यत, उड्या, कसरती व 'गैरवापर' यांमुळे झालेले नुकसान वगळून. जाहिरातीच्या पानावर मात्र हीच सायकल दगडांवरून झेप घेताना दाखविलेली असते. या विसंगतीला व्यापारी लबाडी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास तीत आणखी काही दिसते. हमीपत्र ज्याला गैरवापर म्हणते, त्याच वापरातून या वाहनाचा जन्म झालेला आहे. तेव्हा वापर कोठे संपतो आणि गैरवापर कोठे सुरू होतो, ही सीमा कोणी, केव्हा आणि कोणाच्या सोयीने आखली, हा प्रश्न प्रस्तुत निबंधात विचारात घेतला आहे.

टेकडीवरील प्रयोगशाळा

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरीन काउंटी हा डोंगराळ प्रदेश आहे. १९७० च्या दशकात तेथील काही तरुण १९३० व १९४० च्या दशकांतील जुन्या, जाड टायरांच्या सायकली भंगारातून मिळवून डोंगरातील कच्च्या रस्त्यांवरून खाली पिटाळू लागले. श्विन कंपनीची 'एक्सेलसियर' ही सायकल त्यांत विशेष पसंत केली जाई. या सायकली मुळात शाळकरी मुलांनी सपाट रस्त्यावर चालवाव्यात म्हणून बनविल्या होत्या. त्यांचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असे आणि पायडल उलटे दाबले की तो लागे. लांब उतारावर हा हब इतका तापे की आतील ग्रीस जळून धूर निघे, आणि खाली पोहोचल्यावर हब उघडून त्यात नवे ग्रीस भरावे लागे. फेअरफॅक्स गावाजवळील ज्या उतारावर हे घडे, त्याचे नावच त्यामुळे 'रिपॅक' पडले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तेथे पहिली शर्यत झाली. सुमारे साडेतीन किलोमीटरच्या अंतरात हा रस्ता जवळपास ४०० मीटर खाली उतरतो.

या मंडळींच्या सायकली सतत मोडत. फ्रेम वाकत, चिमटे तुटत, हँडल निखळत. परंतु तक्रार करावी असा कोणी त्यांच्यासमोर नव्हता. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या यंत्राचा निर्माता त्या वापराला उत्तरदायी असण्याचे कारणच नव्हते. मोडलेला भाग हाच त्यांचा गुरू होता. जो भाग तुटे तो पुढच्या वेळी मोटारसायकलीच्या किंवा अन्य मजबूत भागाने बदलला जाई. जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये या वापरासाठी मुद्दाम नवी फ्रेम घडविली आणि पुढील वर्षापर्यंत अशा एकूण १० सायकली तयार केल्या. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिची यांच्या फ्रेम वापरून 'माउंटनबाइक्स' याच नावाने व्यवसाय सुरू केला. येथवर घडविणारा, विकणारा आणि चालविणारा एकमेकांना ओळखत होते. बहुधा ते एकाच टेकडीवर भेटत. फ्रेमला तडा गेला तर ती घेऊन घडविणाऱ्याच्या कार्यशाळेत जाणे एवढीच हमी होती, आणि ती लिहून ठेवण्याची कोणास गरज वाटली नसावी.

कायद्याचा समकालीन प्रवाह

योगायोग असा की नेमक्या याच वर्षांत अमेरिकेत ग्राहकहक्कांच्या कायद्याची मांडणी नव्याने होत होती. १९७२ च्या कायद्याने ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी संघराज्य पातळीवर आयोग स्थापन झाला. ४ जानेवारी १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी मॅग्नुसन–मॉस हमी कायद्यावर स्वाक्षरी केली. लेखी हमी द्यावीच अशी सक्ती हा कायदा करीत नाही. मात्र दिलीच तर ती 'पूर्ण' आहे की 'मर्यादित' हे स्पष्ट लिहावे लागते, आणि लेखी हमी देणाऱ्यास कायद्याने गृहीत धरलेली हमी पूर्णपणे नाकारता येत नाही. विशिष्ट कंपनीचाच सुटा भाग वापरला तरच हमी राहील, अशी अटही सामान्यतः घालता येत नाही. आज जवळजवळ प्रत्येक सायकलीच्या पुस्तिकेवर 'मर्यादित हमी' हे शब्द दिसतात, त्यांचे मूळ या कायद्यात आहे. भारतात छापलेल्या पुस्तिकेतही ते शब्द दिसतात. येथे तशी वर्गवारी सांगणारा कायदा नाही, पण मजकूर जसाच्या तसा प्रवास करून आला आहे.

सायकलींसाठीचे सुरक्षानियम १९७६ मध्ये अंमलात आले. हे नियम प्रामुख्याने मुलांच्या सायकली डोळ्यांपुढे ठेवून केलेले होते. जॉन फॉरेस्टर या सायकलतज्ज्ञाने त्यांना न्यायालयात आव्हान दिले आणि १९७७ मध्ये न्यायालयाने बहुतेक नियम कायम ठेवून काही रद्द केले. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती त्यांतील फ्रेम व चिमट्याची चाचणी. ८९० न्यूटन बल किंवा ३९.५ ज्यूल ऊर्जा यांपैकी ज्यामुळे अधिक बल पडेल ते सोसून फ्रेमला तडा जाता कामा नये, एवढीच तिची अपेक्षा होती. एकदा भार द्यायचा आणि पाहायचे. रिपॅकच्या उतारावर जे घडत होते ते निराळे होते. तेथे लहान लहान धक्के हजारो वेळा बसत आणि फ्रेम हळूहळू थकत जाई. नियमाला हा थकवा ठाऊक नव्हता. एका ग्राहकाच्या मागणीवरून सुटी घडविलेली सायकल तर या नियमांतून मुळातच वगळलेली होती.

एक सायकल, अनेक हमीपत्रे

१९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने 'स्टंपजम्पर' ही जपानमध्ये तयार करवून घेतलेली माउंटन बाइक बाजारात आणली. किंमत सुमारे ७५० डॉलर होती. कारागिराच्या हातची वस्तू आता कारखान्याची झाली. पुढे शिमानो कंपनीने १९८२ मध्ये या सायकलींसाठी खास 'डिओर एक्सटी' ही गिअर व ब्रेकची मालिका काढली. १९८९ मध्ये रॉकशॉक्सचा धक्के शोषणारा चिमटा आला. या साऱ्याचा परिणाम ग्राहकाच्या दृष्टीने दूरगामी होता. फ्रेमवर एका कंपनीचे नाव, चिमटा दुसऱ्या कंपनीचा, ब्रेक व गिअर तिसऱ्या कंपनीचे, टायर चौथ्याचे. दिसायला वस्तू एक, पण हमीपत्रे चार-पाच, आणि प्रत्येकाची मुदत वेगळी. मागचे चाक नीट फिरत नाही अशी तक्रार घेऊन ग्राहक दुकानात जातो तेव्हा दोष हबचा, चेनचा, फ्रेमच्या सरळपणाचा की दुकानातील जोडणीचा, हे ठरविण्यातच पहिले काही आठवडे जातात.

जोडणीचा मुद्दा आपल्याकडे विशेष विचारात घेण्यासारखा आहे. सायकल सुट्या भागांत दुकानी यावी आणि मिस्त्रीने ती कसून द्यावी, ही आपली जुनी रीत. पुण्यासारख्या सायकलींच्या शहरात पिढ्यान् पिढ्या चाललेल्या या व्यवहारात हमी कागदावर नसे. ती मिस्त्रीच्या हातावर असे. आठवड्याने सायकल पुन्हा आणा, तारा कसून देतो, हे त्याचे वाक्य म्हणजेच विक्रीपश्चात सेवा होती. माउंटन बाइकच्या काळातही या पहिल्या फेरतपासणीचे महत्त्व कमी झालेले नाही. उलट ती न केल्यास हमी नाकारण्याचे ते एक कारण ठरू शकते, हे ग्राहकास सहसा सांगितले जात नाही.

'हमी' हा शब्द आणि १९३० चा कायदा

भारतीय ग्राहकाची आणखी एक अडचण शब्दातच आहे. बोलीभाषेत हमी म्हणजे मोठा भरवसा. माल विक्री अधिनियम, १९३० मात्र करारातील अटींचे दोन वर्ग करतो. ज्या अटीवर करार मूलतः उभा असतो ती 'शर्त'. ती मोडल्यास माल नाकारता येतो. आनुषंगिक स्वरूपाची अट म्हणजे 'हमी'. ती मोडल्यास केवळ नुकसानभरपाई मागता येते, माल परत करता येत नाही. म्हणजे ज्या शब्दावर ग्राहक विसंबतो तोच कायद्यात दुबळा आहे. त्यातही, माल एकदा स्वीकारला की सामान्यतः शर्तीच्या भंगाकडेही हमीचा भंग म्हणूनच पाहिले जाते. हा अधिनियम १८९३ च्या इंग्लिश कायद्याच्या धर्तीवर बेतलेला आहे, आणि तो ज्या युगाचा आहे त्यात खरेदीदाराने डोळे उघडे ठेवावेत हे तत्त्व रूढ होते. त्याला कलम १६ ने अपवाद केले. खरेदीदाराने आपला हेतू सांगून विक्रेत्याच्या जाणतेपणावर विसंबून माल घेतला असेल, तर तो त्या हेतूस योग्य असलाच पाहिजे. परंतु याच कलमाला एक परंतुक आहे : विशिष्ट वस्तू तिच्या व्यापारी नावाने मागितली असेल तर अशी गर्भित शर्त राहत नाही. दुकानात जाऊन 'मला सह्याद्रीच्या घाटवाटांवर चालवायला सायकल हवी, कोणती घ्यावी' असे विचारणारा आणि 'मला अमुक कंपनीचे अमुक मॉडेल द्या' असे सांगणारा, या दोघांची कायद्यातील स्थिती त्यामुळे भिन्न होते. इंग्लंडने हे परंतुक १९७३ मध्ये काढून टाकले. आपल्याकडे ते अद्याप आहे.

परंतुकाची धार इंग्लिश न्यायालयाने पूर्वीच बोथट केली होती. १९२५ च्या विधिवृत्तांतील बाल्ड्री विरुद्ध मार्शल या प्रकरणात ग्राहकाने प्रवासास सोयीची, आरामदायी मोटार हवी असे सांगितले आणि विक्रेत्याने बुगाटी सुचविली. ती तशी निघाली नाही. विक्रेत्याने दोन ढाली पुढे केल्या. एक, मोटार व्यापारी नावाने विकली होती. दोन, करारात १२ महिन्यांची हमी देऊन अन्य सर्व हमी वगळल्या होत्या. न्यायालयाने दोन्ही नाकारल्या. नाव घेतले तरी विसंबणे विक्रेत्यावर होते. आणि 'हमी' वगळली म्हणून 'शर्त' वगळली जात नाही. शब्दच्छल वाटावा असा हा निर्णय आहे, पण हमीपत्रातील 'याव्यतिरिक्त कोणतीही हमी नाही' या वाक्याने भारावून जाणाऱ्या ग्राहकाने तो अवश्य लक्षात ठेवावा. अर्थात, कलम ६२ नुसार उभयपक्षी स्पष्ट कराराने गर्भित शर्तीही वगळता येतात. तेव्हा विक्रेत्याने लेखणी नीट चालविली असल्यास ही वाटही अरुंद होते.

थकवा, 'आजीवन' आणि परत बोलावणे

धातूच्या थकव्याचा शास्त्रीय अभ्यास एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आउगुस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर केला. पोलादाच्या बाबतीत ठराविक मर्यादेखालील ताण कितीही वेळा दिला तरी ते सहसा तुटत नाही. ॲल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादा नाही. पुरेशा वेळा दिलेला लहान ताणही त्याला अखेर तडा पाडतो. म्हणून ॲल्युमिनियमची फ्रेम पोलादाहून जाड नळ्यांची करावी लागते. अशा फ्रेमच्या हमीतील 'आजीवन' या शब्दाचा अर्थ ग्राहक स्वतःच्या आयुष्याशी लावतो. अनेक पुस्तिकांत मात्र फ्रेमला स्वतःचे आयुष्य असते आणि ते वापरानुसार संपते, असेही लिहिलेले असते. काही पुस्तिका ठराविक काळानंतर फ्रेम तपासून घ्यावी किंवा बदलावी असे सुचवितात. हमी सदोष घडणीविरुद्ध आहे, थकव्याविरुद्ध नाही. जोडाशी गेलेला तडा यांपैकी कशामुळे, हे सांगणार कोण? बहुतेकदा हमी देणारी कंपनीच.

मानके या बाबतीत उशिरा जागी झाली. युरोपने २००५ मध्ये माउंटन बाइकसाठी ईएन १४७६६ हे स्वतंत्र मानक आणले आणि त्यात थकव्याच्या चाचण्या आल्या. पायडलवर १,२०० न्यूटन बल एक लाख वेळा देऊन फ्रेम पाहायची, अशी त्यांतील एक. २०१४ मध्ये त्याची जागा आयएसओ ४२१० या आंतरराष्ट्रीय मानकाने घेतली. रिपॅकच्या पहिल्या शर्यतीनंतर जवळपास तीस वर्षांनी डोंगरातील वापर हा युरोपात अधिकृतपणे 'वापर' ठरला.

हमीहून निराळी वाट म्हणजे सदोष माल परत बोलावणे. येथे मुदत, मूळ ग्राहक, पावती यांचे बंधन सहसा नसते, कारण प्रश्न सार्वजनिक सुरक्षिततेचा असतो. १९९७ मध्ये शिमानोने अमेरिकेत सुमारे दहा लाख क्रँक परत घेतले. ते १९९० च्या दशकाच्या मध्यास अनेक वेगवेगळ्या कंपन्यांच्या सायकलींवर बसविलेले होते आणि चालविताना तुटत होते. एकाच पुरवठादाराचा दोष कितीतरी नावांखाली विकला गेला होता, हे तेव्हा ग्राहकांना प्रथमच ठळकपणे दिसले असावे. २०१५ मध्ये ट्रेक कंपनीने अमेरिकेत सुमारे नऊ लाख सायकली परत बोलाविल्या. पुढचे चाक झटपट काढण्यासाठी असलेली खटक्याची दांडी अति उघडली तर डिस्क ब्रेकच्या चकतीत अडकू शके. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आणखी १३ कंपन्यांनी याच कारणास्तव सुमारे १३ लाख सायकलींबाबत तेच केले. उपाय साधा होता, नवी दांडी विनामूल्य. पण दांडी नीट न आवळणे ही चालविणाऱ्याची चूक, असे पूर्वी मानले जाई. एका काळचा गैरवापर दुसऱ्या काळी रचनेचा दोष ठरतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण सायकलींच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

सीमा सेंटिमीटरमध्ये

मधल्या काळात उद्योगाने 'योग्य वापर' मोजून सांगण्यास आरंभ केला. अमेरिकन मानकसंस्थेच्या एफ-२०४३ या वर्गीकरणात सायकलींच्या वापराच्या श्रेणी आहेत. पहिली श्रेणी डांबरी रस्त्याची. दुसरीत कच्चा रस्ता आणि १५ सेंटिमीटरपर्यंतची उडी. तिसरीत खडबडीत वाटा आणि ६१ सेंटिमीटरहून कमी उडी. चौथीत १२२ सेंटिमीटरहून कमी. त्यापलीकडे पाचवी. सायकलीच्या फ्रेमवर छोट्या चिकटपट्टीने हा आकडा लावलेला असतो. ग्राहकाने खरेदीपूर्वी किंमत व गिअरांची संख्या पाहावी त्याआधी ही चिकटपट्टी पाहावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. दिसायला माउंटन बाइक असलेली कितीतरी स्वस्त मॉडेले दुसऱ्या श्रेणीतली असतात. काहींच्या पुस्तिकेत तर ती डोंगरात नेऊ नये असेच म्हटलेले असते.

भारतात हे विशेष खरे आहे. 'हीरो रेंजर', 'हर्क्युलिस एमटीबी' यांसारख्या सायकलींनी जाड टायर व सरळ हँडल घराघरांत नेले, पण त्या शाळेच्या व कामाच्या रस्त्यावरच्या सायकली होत्या. 'एमटीबी' हे आपल्याकडे वापराचे नाव न राहता रूपाचे नाव झाले. २००५ मध्ये फायरफॉक्स ही कंपनी सुरू झाली, ट्रेकसारख्या परदेशी सायकली दुकानांत दिसू लागल्या, आणि ताम्हिणी किंवा माळशेज घाटात रविवारी त्या चालविणारा वर्गही तयार झाला. हमीपत्राचा प्रश्न खऱ्या अर्थाने या वर्गापुढे आला.

ग्राहकमंचापुढील सायकल

बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची सुरुवात केली. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. ग्राहक संरक्षण अधिनियम १९८६ मध्ये आला. त्याने 'दोष' या शब्दाची केलेली व्याख्या १९३० च्या कायद्यापेक्षा कितीतरी मोकळी आहे. कायद्याने किंवा कराराने आवश्यक असलेल्या गुणवत्तेतील उणीव तर तीत येतेच, पण व्यापाऱ्याने कोणत्याही प्रकारे केलेल्या दाव्यातील उणीवही येते. जाहिरातीतील झेप या शेवटच्या शब्दांत सामावू शकते. मंच दुरुस्ती, बदली, परतावा व भरपाई यांपैकी काहीही देऊ शकतो. तरीही हमीपत्राच्या शब्दांचे वजन न्यायालयात राहतेच. मारुती उद्योगाच्या २००६ मधील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, हमी सदोष भाग दुरुस्त करण्याची वा बदलण्याची असल्यास संपूर्ण वाहन बदलून देण्याचा आदेश योग्य नाही, असे ठरविले. त्याच न्यायाने फ्रेमला तडा गेला तर फ्रेम मागता येईल. सायकल मिळेलच असे नाही. नवी फ्रेम जुन्या भागांशी जुळत नसेल तर त्या भागांचा खर्च कोणाचा, हा वाद म्हणूनच वारंवार उद्भवतो.

खरी अडचण पुराव्याची आहे. तपासणीशिवाय दोष ठरविता येत नसेल तर वस्तू प्रयोगशाळेकडे पाठविण्याची तरतूद १९८६ च्या कायद्यात होती आणि २०१९ च्या कायद्यातही आहे. तुटलेल्या पृष्ठभागावर थकव्याच्या लाटांसारख्या खुणा आहेत की एका आघाताचा खडबडीतपणा, हे जाणकार सूक्ष्मदर्शकाखाली सांगू शकतो. त्यामुळे तुटलेला भाग दुकानदाराच्या स्वाधीन करण्यापूर्वी त्याची छायाचित्रे घेणे आणि तो दिल्याची पोच लिहून घेणे अत्यावश्यक आहे. कंपनीकडे गेलेला तुकडा परत येईलच याची शाश्वती नाही. युरोपीय संघाने हा भार १९९९ च्या निर्देशाने काही अंशी विक्रेत्यावर टाकला. पहिल्या सहा महिन्यांत उघड झालेला दोष विक्रीच्या वेळी होताच असे तेथे धरले जाई, आणि २०१९ च्या निर्देशाने ही मुदत एक वर्ष केली. भारतीय कायद्यात असे गृहीतक नाही.

२०१९ च्या अधिनियमाने मात्र दोन गोष्टी दिल्या. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हे पावतीवरील वाक्य आपल्या पिढ्यांनी मुकाट्याने वाचले. आता सदोष माल पावतीत नमूद मुदतीत, आणि मुदत नसल्यास ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रारही ग्राहकास स्वतःच्या निवासाच्या जिल्ह्यात, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करता येते. दुसरी गोष्ट म्हणजे उत्पादन दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण, जे जुलै २०२० पासून अंमलात आहे. चिमटा तुटून स्वार जखमी झाला, तर उत्पादकाने दिलेल्या स्पष्ट हमीशी उत्पादन जुळत नसल्यास त्याची निष्काळजी सिद्ध करण्याची गरज राहत नाही. योग्य वापराच्या पुरेशा सूचना न देणे हेही दायित्वाचे कारण आहे. परंतु या प्रकरणातील कलम ८७ म्हणते की इजेच्या वेळी उत्पादनाचा गैरवापर झाला असेल किंवा त्यात फेरफार केलेला असेल तर विक्रेत्याविरुद्ध अशी कारवाई करता येणार नाही. 'गैरवापर' म्हणजे काय, याची व्याख्या अधिनियमात दिलेली नाही.